छायाचित्रासाठीं कोणता पोशाख करावा?

विद्यार्थिमित्रांनो, वर्गाचें छायाचित्र काढण्याचा दिवस जवळ आला म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न निघतो : त्या दिवशीं अंगांत काय घालावें? आई जपून ठेवलेला सदरा काढूं पाहते, ताई आपल्या ओढणीचा रंग शोभेल कीं नाहीं याचा विचार करते, आणि धाकटा भाऊ दिवाळीच्या झगमगीत कपड्यांसाठीं हट्ट धरून बसतो. प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु छायाचित्र ही एका दिवसाची वस्तु नव्हे. पोशाख आंखूड होतो, फाटतो, धाकट्या भावंडाकडे जातो. चित्र मात्र पन्नास पन्नास वर्षें भिंतीवर किंवा पेटीच्या तळाशीं राहतें, आणि ज्यांनीं आपणांस कधीं पाहिलें नाहीं त्यांस आपली ओळख करून देतें. तेव्हां या प्रश्नाचा थोडा शास्त्राच्या आणि थोडा व्यवहाराच्या दृष्टीनें विचार करणें योग्य होईल.

या विचाराचें सूत्र आरंभींच सांगून ठेवतों. छायाचित्र हें मनुष्याचें काढतात, कपड्यांचें नव्हे. जो पोशाख चेहऱ्यास पुढें येऊं देतो तो चांगला. जो चेहऱ्याच्या आड येतो तो कितीहि मोलाचा असला तरी त्या प्रसंगीं निरुपयोगी. पुढील सर्व नियम या एका सूत्रांतून निघतात.

जुनीं छायाचित्रें काय शिकवितात

प्रथम थोडा इतिहास पाहूं. फ्रान्समधील डागेर याची छायाचित्रें काढण्याची रीत १८३९ सालीं जगापुढें आली. त्या पहिल्या काळीं एक चित्र उमटण्यास कांहीं मिनिटें लागत. तेवढा वेळ मनुष्यानें हालतां कामा नये, म्हणून त्याच्या मानेमागें लोखंडी आधार लावीत. अगदीं जुन्या चित्रांतील माणसें इतकीं गंभीर कां दिसतात, याचें एक कारण हेंहि आहे. आपल्या प्रांतांतहि ही कला लवकरच आली. मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रणाची आवड असणाऱ्यांची एक संस्था स्थापन झाली, आणि तिच्या आरंभींच्या काळांतील सभासदांमध्यें डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे होते.

त्या वेळीं चित्र काचेवर घेत असत, आणि त्या काचेवरील लेपांत एक मोठी उणीव होती. निळा प्रकाश त्यास फार लवकर कळे. पिवळा फारच थोडा कळे आणि तांबडा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळें निळें वस्त्र चित्रांत पांढुरकें उमटे, आणि तांबडें व पिवळें काळसर दिसे. कपाळावरील कुंकू काळ्या टिकलीसारखें दिसे. हळदी रंगाचा शेला काळवंडून जाई. १८७३ सालीं हर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञानें असा शोध लाविला कीं, या लेपांत विशिष्ट रंगद्रव्यें मिसळलीं म्हणजे तो इतर रंगांचा प्रकाशहि ग्रहण करूं लागतो. तांबड्यासह सर्व रंग टिपणाऱ्या काचा १९०६ सालीं विक्रीस आल्या.

यावरून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आपल्या घरीं पणजीचें एखादें फार जुनें चित्र असेल आणि त्यांत तिचें लुगडें काळें दिसत असेल, तर तें काळेंच होतें असें म्हणतां येणार नाहीं. कदाचित् तें लालभडकहि असेल. डोळा पाहतो तें एक आणि यंत्र टिपतें तें दुसरें, हा छायाचित्राच्या पोशाखाविषयींचा पहिला धडा होय.

हल्लींच्या कॅमेऱ्यास सर्व रंग कळतात. तरी हा धडा जुना झालेला नाहीं. घरांतील मोबाइलवर चित्र कृष्णधवल करण्याची सोय असते. एखाद्या तांबड्या साडीवर हिरव्या खणाचा तुकडा ठेवून तिचें चित्र घ्या, आणि मग तें कृष्णधवल करून पाहा. डोळ्यांस एकमेकांहून इतके भिन्न वाटणारे ते दोन रंग पुष्कळदां एकाच करड्या छटेंत मिसळून गेलेले दिसतील. रंग वेगळा असणें आणि उजळपणा वेगळा असणें, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. आणि चित्रांत चेहरा उठून दिसतो तो मुख्यतः उजळपणाच्या फरकानें.

कॅमेऱ्याचें करडें गणित

आतां दुसरा प्रयोग करा. एक कोरा पांढरा कागद मोबाइलच्या इतका जवळ धरा कीं, चित्रांत कागदावांचून दुसरें कांहींहि येऊं नये, आणि चित्र घ्या. मग तसेंच काळ्या पाटीचें चित्र घ्या. दोन्ही चित्रें शेजारीं ठेवून पाहिलीं तर आश्चर्य वाटेल. पांढरा कागद मळकट करडा झालेला असतो, आणि काळी पाटीहि काळी न राहतां करडीच झालेली असते.

असें कां व्हावें? कॅमेऱ्यांत उजेड मोजणारें एक साधन असतें. समोर काय आहे हें त्यास ठाऊक नसतें. समोरून येणारा एकंदर उजेड मध्यम प्रतीचा असला पाहिजे, असें गृहीत धरून तें चालतें. छायाचित्रकार उजेड मोजण्यासाठीं करड्या रंगाचा एक पुठ्ठा वापरतात. तो आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं १८ टक्के प्रकाश परत फेंकतो. त्या पुठ्ठ्यासारखें सारें जग करडें आहे, असें जणूं कॅमेऱ्याचें मत असतें. म्हणून समोर पांढरें फार असलें कीं तो आंत येणारा उजेड कमी करतो, आणि काळें फार असलें कीं वाढवितो.

याचा पोशाखाशीं संबंध उघड आहे. समजा, पांढऱ्या भिंतीपुढें, भर उन्हांत, शुभ्र सदरे घातलेलीं चाळीस मुलें उभीं केलीं. कॅमेऱ्यास जिकडे तिकडे पांढरें दिसतें; तो उजेड आवरतो; सदरे ठीक येतात, पण चेहरे अंधारांत जातात. नवीन यंत्रें चेहरा कोठें आहे हें ओळखून थोडी दुरुस्ती करतात खरी. परंतु अति शुभ्र आणि अति गडद हीं दोन्ही एकाच चित्रांत पूर्णपणें टिपण्याची यंत्राची शक्ति डोळ्याहून कमी असते. आपली शाळा ज्या रंगाचा गणवेश ठरविते तो बदलणें आपल्या हातीं नाहीं. परंतु पांढरा गणवेश असेल तर चित्र सांवलींत घ्यावें, आणि मागें भिंत न ठेवतां झाडी किंवा दगडी बांधकाम ठेवावें, हें आपल्या हातीं आहे. घरच्या चित्रासाठीं तर रंग आपणच निवडावयाचा असतो. तेथें शुभ्र आणि काळा हे दोन्ही टोकांचे रंग टाळून मधले रंग घ्यावे : अबोली, मोरपंखी, गव्हाळ, फिकट जांभळा, मातकट तांबडा, गर्द निळा.

चेहऱ्याचा रंग आणि पावडर

येथें एका नाजुक गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. छायाचित्राच्या दिवशीं सांवळ्या मुलामुलींच्या तोंडास पावडर फासण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. त्यामागें आईची माया असते. पण आपण सांवळे आहों म्हणून आपलें चित्र वाईट येतें, अशी समजूत त्यामुळें मुलांच्या मनांत कायमची बसते. ही समजूत खोटी आहे, आणि तिचें खोटेपण इतिहासावरून दाखवितां येतें.

रंगीत छायाचित्रांचा प्रसार होऊं लागला तेव्हां कोडॅक कंपनी चित्रें छापणाऱ्यांकडे रंग जुळविण्यासाठीं एक नमुन्याचें चित्र पाठवीत असे. त्या चित्रांत एक गोरी स्त्री असे, आणि तशा सर्व नमुन्यांस ‘शर्ली’ हें नांव पडलें. तिची कातडी बरोबर दिसली म्हणजे रंग बरोबर, असा नियम झाला. परिणाम असा झाला कीं, गोरा आणि काळा असे दोघे शेजारीं बसले तर गोऱ्याचें मुख स्पष्ट येई आणि काळ्याच्या मुखावरील बारकावे नाहींसे होत. पुढें फिल्म सुधारण्यांत आली, आणि १९९० च्या दशकांत निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलें नमुन्याचें चित्र निघालें. म्हणजे उणीव चेहऱ्यांत नव्हती. ज्या मापानें चेहरा मोजला, त्या मापांत होती.

पावडरीनें तर काम बिघडतेंच. कॅमेऱ्याचा दिवा चमकला म्हणजे पावडरीचे कण तो प्रकाश सरळ परत फेंकतात आणि मुख राखेसारखें दिसतें. मान आणि हात मात्र आपल्या मूळ रंगाचे राहतात. हल्लीं मोबाइलवर चेहरा आपोआप गोरा व गुळगुळीत करण्याची जी युक्ति असते, तीहि दुसऱ्या प्रकारची पावडरच होय. तिच्यामुळें मुलगी गोरी दिसते, पण ती आपली मुलगी दिसत नाहीं. सांवळ्या चेहऱ्यास खरी मदत करावयाची तर त्यास सौम्य उजेड द्यावा. खिडकीजवळचा, व्हरांड्यांतला किंवा संध्याकाळचा उजेड सर्वांत चांगला. त्याच्या जवळ अति पांढरें वस्त्र ठेवूं नये. तोंड स्वच्छ धुवून, पुसून कोरडें करावें. एवढी तयारी पुरे.

कांहीं व्यवहाराचे नियम

आतां नित्य उपयोगी पडतील असे कांहीं नियम क्रमानें सांगतों.

पहिला नियम : बारीक रेघांचें किंवा बारीक चौकड्यांचें कापड टाळावें. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर धरून पाहिल्या तर त्यांच्या जाळ्यांतून पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उठते. जाळी हालविली कीं नक्षीहि हालते. कॅमेऱ्याच्या आंत प्रकाश टिपणाऱ्या सूक्ष्म बिंदूंची अशीच एक जाळी असते. सदऱ्याच्या बारीक रेघा त्या जाळीवर पडल्या म्हणजे कापडावर मुळांत नसलेल्या लाटा चित्रांत दिसूं लागतात. साधें एकरंगी कापड सर्वांत निर्धास्त.

दुसरा नियम : मोठीं अक्षरें, चित्रें किंवा कंपनीचीं नांवें छापलेले सदरे घालूं नयेत. मनुष्याचा डोळा अक्षर दिसलें कीं तें वाचल्याशिवाय राहत नाहीं. पाहणारा छातीवरचें नांव वाचीत बसतो आणि चेहऱ्याकडे त्याचें लक्ष मागाहून जातें.

तिसरा नियम : हनुवटीजवळ अति भडक रंग नसावा. उन्हांत उभें राहिलें असतां पोपटी किंवा लालभडक कापडावरून परतणारा प्रकाश हनुवटीवर आणि गळ्यावर पडतो व तेथें त्या रंगाची छाया उमटते. भडक रंग हवाच असेल तर तो पदराच्या कांठास असावा, गळ्याशीं नसावा.

चौथा नियम : कापड मापाचें असावें. पुढच्या वर्षीं उपयोगी पडेल म्हणून घेतलेला सैल सदरा चित्रांत मुलास गिळून टाकतो, आणि आंखूड झालेला सदरा त्यास अवघडवून ठेवतो. ज्या कपड्यांत आपण नेहमीं मोकळेपणानें वावरतों, त्यांतच आपण मोकळे दिसतों. नवा कपडा घालावयाचा असेल तर तो आदल्या दिवशीं तासभर घालून, बसून, उठून पाहावा.

पांचवा नियम : इस्त्री, गुंड्या आणि कॉलर यांकडे लक्ष द्यावें. चालतांना जी सुरकुती कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं, ती स्थिर चित्रांत कायमची राहते. मधली गुंडी तुटली असेल तर आदल्या रात्रीं लावून घ्यावी. खिशांतील पेन, चिल्लर आणि मोबाइल काढून ठेवावे, म्हणजे सदरा एका बाजूस ओघळत नाहीं.

सहावा नियम : चष्मा नेहमीं वापरणाऱ्यानें तो काढूं नये, कारण चष्म्याशिवाय तो ओळखीचा वाटत नाहीं. कांचेवर उजेड चमकत असेल तर चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित् उचलाव्या. कांचा थोड्या खालीं झुकतात आणि चमक नाहींशी होते.

सातवा नियम : मागची पार्श्वभूमी आधीं विचारून घ्यावी. पासपोर्टच्या चित्रास पांढरी पार्श्वभूमी लागते. तेथें पांढरा सदरा घातला तर खांदे भिंतींत विरून जातात, म्हणून गडद रंग घालावा. कांहीं स्टुडिओंत हिरवा पडदा लावून मागाहून त्याच्या जागीं दुसरें दृश्य बसवितात. तेथें हिरवें वस्त्र घातलें तर पडद्याबरोबर तेंहि पुसलें जाण्याचा संभव असतो.

आठवा नियम कुटुंबाच्या चित्राविषयीं. सर्वांनीं एकच रंग घातला तर घरच्या मंडळीऐवजीं एखादें बँडपथक बसलें आहे असें वाटतें. ज्यानें त्यानें आपापल्या मनाचें घातलें तर बाजार भरल्यासारखा दिसतो. म्हणून एकमेकांशीं नातें असलेले दोन-तीन रंग ठरवावे, आणि घरांतील सर्वांत वडील माणसाचा पोशाख आधीं निश्चित करून इतरांचे त्याच्या भोवतीं जुळवावे. आजीनें जन्मभर नऊवारी नेसली असेल तर चित्रासाठीं तिला दुसरें कांहीं नेसावयास लावूं नये.

पोशाख काय बोलतो

येथपर्यंत यंत्राची आणि कापडाची गोष्ट झाली. परंतु पोशाख याहून अधिक कांहीं बोलतो. १८८५ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत काढलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत तीन विद्यार्थिनी आहेत : भारतांतील आनंदीबाई जोशी, जपानमधील केई ओकामी आणि सीरियामधील सबात इस्लामबुली. तिघींनींहि आपापल्या देशाचा पोशाख केला आहे. परक्या देशांतील पोशाख करून त्या बसल्या असत्या तर तीन विद्यार्थिनींचें एक चित्र एवढेंच त्याचें महत्त्व राहिलें असतें. आपल्या वस्त्रांमुळें त्या कोठून आल्या आणि किती दूर आल्या, हें तें चित्र एका दृष्टिक्षेपांत सांगतें. आनंदीबाईंस १८८६ सालीं पदवी मिळाली आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्या निवर्तल्या. आज त्यांची ओळख आपणांस करून देणाऱ्या वस्तूंत तें चित्र एक आहे.

दुसरें उदाहरण असें. महात्मा गांधींनीं १९२१ सालीं मदुरा येथें, गरिबांस जेवढें वस्त्र मिळतें तेवढेंच आपण नेसावें, असा निश्चय करून पंचा धारण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मात्र उत्तम शिवलेला कोट-पाटलोण घालीत. कारण ज्या समाजास शतकानुशतकें चांगलें वस्त्र नाकारण्यांत आलें होतें, त्यांतील मनुष्यानें नेटका पोशाख करणें हेंच एक उत्तर होतें. १९२७ च्या डिसेंबरांत महाड येथें त्यांनीं स्त्रियांस सांगितलें कीं, अस्पृश्य म्हणून ओळखूं येईल असें नेसणें सोडा. वस्त्रास ठिगळें असलीं तरी चालेल, पण तें स्वच्छ असूं द्या. १९३१ सालीं लंडन येथील गोलमेज परिषदेंत हे दोघेहि होते. एक पंचा नेसून आणि शाल पांघरून, दुसरे पाश्चात्य पोशाखांत. दोघांचे पोशाख अगदीं विरुद्ध. परंतु आपण तो कां केला, हें दोघांसहि पक्कें ठाऊक होतें.

पालकांस आणि विद्यार्थ्यांस विनंति

ठिगळाचा आणि स्वच्छतेचा हा उपदेश आपल्या वर्गाच्या छायाचित्रासहि लागू पडतो. पालकहो, या एका दिवसासाठीं नवें कापड घेण्याची आवश्यकता नाहीं. उसनवारी करण्याची तर मुळींच नाहीं. वर जे नियम सांगितले, त्यांतील एकासहि पैसा लागत नाहीं. साबण, सुई-दोरा आणि इस्त्री यांनीं जें होतें, त्याहून अधिक कॅमेऱ्यास नको असतें. जरीचा झगमगाट तर त्यास उलट अडचणीचा होतो.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. वर्गाच्या चित्राच्या दिवशीं हजेरी घेतली तर कांहीं मुलें गैरहजर आढळतात. एखाद्याच्या पोटांत दुखतें, एखाद्याच्या गांवीं काम निघतें. त्यांतील कांहींचें दुखणें खरें असतें. पण एखाद्याचें खरें दुखणें सदऱ्याचें असतें. कॉलर विरली आहे, बाही उसवली आहे, आणि शेजारचा मुलगा हंसेल, ही भीति असते. पुढें वीस वर्षांनीं आपण तें चित्र हातीं घेऊन एकेकाचें नांव आठवूं लागतों, तेव्हां त्या मुलाची जागा त्यांत नसते. सदरा कसा होता हें तोंवर कोणासहि आठवत नाहीं; तो मुलगा आपल्या बरोबर शिकत होता, याची खूण मात्र कायमची नाहींशी झालेली असते.

म्हणून आधींच्या आठवड्यांत आपल्या बाकावरील सोबत्याची सहज चौकशी करा. कोणाचा सदरा उसवला असेल तर तो शिवून घेण्यास मदत करा. घरीं इस्त्री नसेल त्यास आपल्या घरीं बोलवा. आणि हें सर्व चारचौघांत न बोलतां करा. विरलेल्या कॉलरच्या मुलास दुसऱ्या ओळींत उभें केलें तर पुढच्याच्या खांद्याआड ती दिसतहि नाहीं. चित्र काढणाऱ्यास एवढें हळूच सांगणें कोणासहि जमेल. कोणाच्या पोशाखास हंसूं नका आणि कोणाच्या रंगास तर नकाच नका.

त्या दिवशीं सकाळीं स्वच्छ तोंड धुवा, केंस विंचरा, धुतलेला गणवेश घाला, गुंड्या नीट लावा, आणि कॅमेऱ्याकडे सरळ पाहा. आपल्या वर्गांतील एकहि चेहरा चित्रांतून गळला नाहीं, तर पोशाखाची निवड उत्तम झाली असें समजावें.